६८ अंश : भाड्याच्या खोलीतली ऊब कोणी द्यायची?

१.
ऑक्टोबर सरत आला की अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींचे घरी फोन येऊ लागतात. खिडकीवर पारदर्शक प्लास्टिक ताणून चिकटवले, दाराखालच्या फटीत जुना टॉवेल कोंबला, रेडिएटर रात्री खडखडतो आणि घरमालक मात्र फोन उचलत नाही! या साध्या गाऱ्हाण्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. भाड्याच्या खोलीत ऊब राखण्याची जबाबदारी कोणाची, भाडेकरूची की घरमालकाची? आजचा थ्रेड या प्रश्नाविषयी.

२.
प्रारंभ आपल्या ओळखीच्या व्यक्तीपासून करू. १८८३ च्या शरद ऋतूत अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी वैद्यकाच्या शिक्षणासाठी फिलाडेल्फियात दाखल झाल्या. जन्म कल्याणचा. कोकणपट्टीतली थंडी ती काय, पहाटे अंगावर एक शाल ओढली की पुरे. फिलाडेल्फियातला हिवाळा मात्र बर्फाचा. त्यांना राहायला मिळालेल्या खोलीतली फायरप्लेस सदोष होती. पेटवली की खोलीभर धूर, न पेटवली तर हाडे गोठवणारा गारठा. दोहोंतले एक निवडायचे, एवढेच त्यांच्या हाती होते.

३.
नऊवारी नेसल्यावर कंबर आणि पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. पोशाख स्वतःचा होता, त्यामुळे तो बदलता आला. धुराडे दुसऱ्याच्या घराचे होते. ते कोण दुरुस्त करणार? परक्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाची अडचण नेमकी हीच असते. थंडी सोसायची आपण, आणि भिंत, खिडकी, धुराडे यांवर सत्ता दुसऱ्याची.

४.
या अडचणीचे उत्तर शोधण्याचा सर्वांत मोठा खटाटोप जवळच्याच न्यूयॉर्क शहरात झाला. युरोपातून आलेली लक्षावधी माणसे तेथे भाड्याच्या इमारतींत दाटीवाटीने राहत होती. या इमारतींना ‘टेनेमेंट’ म्हणत. आपल्या गिरणगावातल्या चाळी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे दाटीची कल्पना येईल. फरक इतकाच की, चाळीतला माणूस उकाड्याने हैराण होऊन गॅलरीत पथारी टाकतो. न्यूयॉर्कच्या जानेवारीत बाहेर झोपणे म्हणजे मरण.

५.
एक उदाहरण घेऊ. ऑर्चर्ड स्ट्रीटवरची ९७ क्रमांकाची इमारत १८६३-६४ च्या सुमारास उभी राहिली. आज तेथे टेनेमेंट म्युझियम आहे. एका बिऱ्हाडाला तीन खोल्या आणि तिन्ही मिळून जागा सुमारे ३२५ चौरस फूट. पुढची खोली रस्त्याकडे, मधले स्वयंपाकघर, मागची अंधारी झोपायची खोली. १९३५ पर्यंत, म्हणजे सुमारे ७० वर्षांत, या एका इमारतीत अंदाजे ७,००० माणसे राहून गेली.

६.
अशा बिऱ्हाडात ऊब यायची ती मधल्या खोलीतल्या लोखंडी चुलीतून. त्याच चुलीवर स्वयंपाक, त्याच चुलीवर अंघोळीचे पाणी, तिच्याच भोवती ओले कपडे वाळत घातलेले. रस्त्याकडच्या खोलीत उजेड असे, पण थंडीही तिथूनच शिरे. त्यामुळे कडाक्याच्या दिवसांत सगळे कुटुंब स्वयंपाकघरात गोळा होई आणि तीन खोल्यांचे बिऱ्हाड एका खोलीचे होऊन जाई.

७.
सरकार काय करत होते? न्यूयॉर्क राज्याने १८६७ मध्ये टेनेमेंटविषयीचा पहिला कायदा केला. त्यात एक लक्षवेधी तरतूद होती : प्रत्येक मजल्यातून धुराडे गेलेले असावे आणि प्रत्येक कुटुंबासाठी त्या धुराड्याला जोडलेली फायरप्लेस किंवा चूल मांडण्याची जागा असावी. शब्द नीट पाहा. चूल मांडण्याची ‘जागा’! त्या जागेत चूल धगधगते की नाही आणि तिच्यासाठी कोळसा कोण आणतो, हे ज्याचे त्याने पाहायचे.

८.
पुढे १८७९ आणि १९०१ मध्ये आणखी कायदे झाले. त्यांनी खिडक्या, हवा, प्रकाश, नळाचे पाणी, शौचालये यांकडे लक्ष पुरवले. विशेषतः १९०१ च्या कायद्याने नव्या इमारतींचा चेहराच बदलला. पण ऐन हिवाळ्यात घराच्या आत किती ऊब असली पाहिजे, याचा आकडा या कायद्यांनी दिला नाही. ऊब अजूनही भाडेकरूचीच बाब होती.

९.
मग भाडेकरू हिवाळ्याची तयारी कशी करत? खिडक्यांच्या फटींत वर्तमानपत्रांच्या सुरळ्या आणि चिंध्या कोंबत. पुढच्या खोलीचे दार बंद करून चुलीजवळ बिछाने ओढत. तापवलेली वीट किंवा इस्त्री फडक्यात गुंडाळून पायथ्याशी ठेवत. पूर्व युरोपातून आलेल्या यहुदी कुटुंबांनी पिसांच्या जाडजूड रजया समुद्रापलीकडून वाहून आणल्या होत्या. एकेका बिछान्यात तिघे-चौघे झोपत आणि वर घरातले सगळे कोट पांघरले जात. घरमालकाच्या भिंतीला हात न लावता जे जे करता येईल, ते सारे होई.

१०.
सर्वांत मोठा प्रश्न कोळशाचा. श्रीमंत घरे उन्हाळ्यातच टनावारी कोळसा घेऊन तळघरात भरून ठेवत. टेनेमेंटमधल्या कुटुंबाकडे तेवढी रोकड नसे आणि साठवायला जागाही नसे. ते बादलीने कोळसा घेत. बादलीचा भाव टनाच्या हिशेबाने पाहिला तर कितीतरी चढा पडे. ज्याच्याकडे पैसे कमी, त्याच्याच खिशातून तेवढ्याच उबेसाठी अधिक पैसे जात. पुडीने साखर घेणाऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

११.
ज्यांना बादलीही परवडत नसे, त्यांची मुले रेल्वेमार्गालगत आणि धक्क्यांवर सांडलेला कोळसा वेचत. विसाव्या शतकाच्या आरंभी लुईस हाईन या छायाचित्रकाराने गोण्या आणि लाकडे वाहणाऱ्या अशा मुलांची छायाचित्रे टिपली आहेत. काही घरांत गॅस आला होता, पण तोही नाणे टाकून चालणाऱ्या मीटरवर. पाव डॉलरचे नाणे टाकले की तेवढ्यापुरता गॅस. नाणे संपले की ज्योत विझली.

१२.
ही ऊब किती दूरच्या घटनांवर अवलंबून होती, हे १९०२ मध्ये दिसले. न्यूयॉर्कच्या चुलींत जळणारा अँथ्रासाइट हा कमी धुराचा कठीण कोळसा पेनसिल्व्हेनियाच्या खाणींतून येई. तिथल्या खाणकामगारांनी मे महिन्यात संप पुकारला आणि तो ऑक्टोबरपर्यंत चालला. भाव कडाडले. हिवाळा तोंडावर आला तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मध्यस्थी करावी लागली. घरातली ऊब हा खाजगी विषय आहे, या समजुतीला बसलेला हा पहिला मोठा तडा.

१३.
दुसरा पेच क्षयरोगाचा. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढला. न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्यात हर्मन बिग्ज यांच्यासारखे डॉक्टर या रोगाच्या मागे हात धुऊन लागले. त्यांचा उपदेश होता : खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळू द्या. आणि त्याच खिडक्यांच्या फटींत भाडेकरू वर्तमानपत्रे कोंबत होते!

१४.
सुधारकांपैकी अनेकांना हे अडाणीपण वाटे. पण त्या बाईच्या जागी उभे राहून पाहा. बादलीभर कोळशात निर्माण झालेली ऊब खिडकीतून बाहेर सोडायची, तर उद्याची बादली कोठून आणायची? उलट फटी बुजवल्या तर चुलीचा विषारी वायू आणि आजाऱ्याचा खोकला दोन्ही आतच कोंडले जातात. डॉक्टरही बरोबर होते आणि बाईही. पुरेशा इंधनावाचून स्वच्छ हवा परवडत नाही, हे सत्य दोघांच्याही भांडणाच्या तळाशी होते.

१५.
याच काळात उबेचे तंत्र बदलत होते. १८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रस्त्याखालच्या नळांतून इमारतींना वाफ पुरवणारी कंपनी सुरू झाली. नव्या निवासी इमारतींच्या तळघरांत स्वतंत्र बॉयलर बसू लागले. वाफ नळातून आपोआप वर चढते, लोखंडी रेडिएटरमध्ये थंड होऊन पाणी बनते आणि त्या वेळी साठवलेली उष्णता खोलीला देते. मग तेच पाणी उताराने परत बॉयलरमध्ये येते.

१६.
जुन्या इमारतींत बहुधा एकाच नळातून वाफ वर आणि पाणी खाली जाते. रेडिएटर नीट कललेला नसला किंवा त्याची चावी अर्धवट उघडी ठेवली, की आत पाणी साचते आणि वाफ त्यावर आदळते. रात्री ऐकू येणारा तो हातोड्यासारखा आवाज याचाच. सूं-सूं असा आवाज येतो तो आतली हवा बाहेर सोडणाऱ्या छोट्या झडपेचा. आज तेथे राहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : अशा रेडिएटरची चावी पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद असावी.

१७.
आता या थ्रेडचा मुख्य मुद्दा. चूल होती तेव्हा कोळसा महाग असला, तरी काडी ओढणारा हात भाडेकरूचा होता. रेडिएटर आला आणि राख, धूर, बादल्या यांतून सुटका झाली. पण विस्तव तळघरात गेला, त्या तळघराची किल्ली इमारत सांभाळणाऱ्या जॅनिटरकडे आणि कोळशाची थैली घरमालकाकडे. पाचव्या मजल्यावरची बाई आता ऊब ‘करू’ शकत नव्हती, फक्त ‘मागू’ शकत होती. भाड्यात उबेचे पैसे धरलेले असत. ऊब आली नाही, तर?

१८.
तेव्हाच्या न्यायालयांचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. ऊब देण्याचे कबूल करून घरमालकाने ती दिली नाही आणि त्यामुळे घर राहण्यायोग्य उरले नाही, तर भाडेकरूला हुसकावून लावल्यासारखेच ते मानले जाई आणि पुढचे भाडे माफ होई. मात्र अट अशी की, भाडेकरूने खरोखरच घर सोडले पाहिजे. भर हिवाळ्यात, हाताशी लेकरे असताना, घर सोडून जायचे कोठे? कागदावर हक्क होता, पण तो बजावण्यासाठी आधी रस्त्यावर यावे लागत होते.

१९.
मग १९१७-१८ चा हिवाळा आला. अमेरिका महायुद्धात उतरली होती. कारखान्यांना आणि जहाजांना कोळशाची प्रचंड भूक होती, रेल्वेमार्ग मालगाड्यांनी तुंबले होते. डिसेंबरअखेर केंद्र सरकारने रेल्वे आपल्या ताब्यात घेतली. ३० डिसेंबर १९१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये पारा उणे १३ अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे २५ अंश सेल्सियसपर्यंत उतरला. आणि नेमका त्याच वेळी शहरात कोळसा नव्हता.

२०.
जानेवारीत इंधन प्रशासक हॅरी गारफिल्ड यांनी मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील बहुतेक कारखाने काही दिवस बंद ठेवण्याचा आदेश काढला. त्यानंतरचे सोमवारही ‘उष्णताविरहित’ ठरले. युद्ध चालू असताना कारखाने बंद ठेवावे लागणे, यावरून टंचाईची तीव्रता कळते. टेनेमेंटमध्ये नळ गोठून फुटत होते आणि रेडिएटर बर्फासारखे गार पडले होते. काही घरमालकांना कोळसा खरोखरच मिळत नव्हता. काहींना मात्र ही टंचाई खर्च वाचवण्याची सबब म्हणून सोयीची झाली.

२१.
त्यातच युद्धामुळे नवी बांधकामे रोडावली, घरे अपुरी पडू लागली आणि भाडी वाढू लागली. थंड खोलीसाठी अधिक भाडे! हार्लेम, ब्राँक्स, विल्यम्सबर्ग, ब्राउन्सव्हिल या भागांतून भाडेकरूंनी भाडे थोपवून धरण्यास सुरुवात केली. १९१७ ते १९२० या काळात असे भाडेसंप वारंवार झाले. त्यांत समाजवादी कार्यकर्ते होते, आणि बिनीला होत्या त्या गृहिणी. दिवसभर त्या गारठ्यात लेकरे घेऊन बसणाऱ्या त्याच होत्या.

२२.
१९१८ मध्ये शहराच्या आरोग्य मंडळाने पाऊल उचलले. ज्या घरमालकाने ऊब पुरवण्याचे पत्करले आहे, त्याने थंडीच्या दिवसांत राहत्या घरात निदान ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० अंश सेल्सियस तापमान राखलेच पाहिजे, असा नियम आरोग्यसंहितेत आला. भाड्याच्या खोलीतल्या उबेला प्रथमच एक आकडा मिळाला.

२३.
हा नियम न्यायालयाने किंवा बांधकाम खात्याने नव्हे, तर आरोग्य मंडळाने केला, यातच त्याचे महत्त्व आहे. तोवर ऊब हा दोन माणसांमधल्या कराराचा विषय होता. तो मोडला तर दोघांनी आपसांत लढावे. आता दूषित पाणी किंवा नासके दूध यांच्या पंक्तीला थंड खोली येऊन बसली. भाडेकरूला घर सोडण्याची गरज उरली नाही. तो घरातच राहून तक्रार करू शकत होता.

२४.
आणि आकड्याचेही महत्त्व आहे. ‘फार थंडी वाजते’ म्हटले की घरमालक म्हणणार, ‘मला नाही वाजत.’ पण भिंतीवरच्या थर्मामीटरने ५५ अंश दाखवले, तर वाद संपला. काही आण्यांचे ते काचेचे नळकांडे गरीब बाईच्या बाजूने साक्ष देऊ लागले. तिची गाऱ्हाण्याची भाषा ज्यांना समजत नव्हती, त्यांनाही आकडा वाचता येत होता.

२५.
१९२० मध्ये राज्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले. कबूल केलेली ऊब किंवा पाणी हेतुपुरस्सर न देणारा घरमालक फौजदारी गुन्ह्यास पात्र ठरला. त्याच वर्षी भाडेवाढीला आळा घालणारे तातडीचे कायदेही झाले आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले.

२६.
पण विजय अपुरा होता, हेही सांगितले पाहिजे. १९१८ चा नियम ऊब देण्याचे पत्करलेल्या घरमालकांसाठी होता. ज्या जुन्या इमारतींत बॉयलरच नव्हता, तेथे पत्करण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना ‘कोल्ड वॉटर फ्लॅट’ म्हणत : नळाला गार पाणी, आणि ऊब हवी असेल तर आपली चूल आपण पेटवा. अशी बिऱ्हाडे दुसऱ्या महायुद्धानंतरही शहरात टिकून होती. सर्वांत गरीब माणूस कायद्याच्या फटीत राहिला, आणि त्या फटीतूनही वारा येतच होता.

२७.
आज न्यूयॉर्कमध्ये १ ऑक्टोबर ते ३१ मे हा अधिकृत ‘उष्णता हंगाम’ आहे. सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत बाहेरचे तापमान ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेले, तर घरात ६८ अंश असलेच पाहिजेत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत, बाहेर काहीही असो, ६२ अंश. शंभर वर्षे लोटली, आणि आजही आकडा ६८ चाच आहे.

२८.
तेव्हा परदेशी भाड्याच्या घरात पहिला हिवाळा काढणाऱ्या आपल्या मित्रमैत्रिणींना हा इतिहास जरूर सांगा. खिडकीला प्लास्टिक लावा, फटी बुजवा, जाड पडदे टांगा. टेनेमेंटमधल्या बायांनी हेच केले होते आणि ते शहाणपणाचेच होते. ऊब मिळावी म्हणून गॅसची शेगडी किंवा ओव्हन मात्र पेटता ठेवू नका. बंद खोलीतला विषारी वायू आजही जीव घेतो. त्यानंतर भाडेकरार उघडून ऊब कोणाच्या खर्चाने मिळायची आहे ते वाचा, त्या शहराचा नियम पाहा, आणि भिंतीवर एक थर्मामीटर टांगून रोजचा आकडा लिहून ठेवा.

२९.
आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या आणि मायदेशी परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. क्षय जंतूंमुळे होतो, थंडीमुळे नव्हे. त्यामुळे त्या खोलीवर त्यांच्या मृत्यूचे खापर फोडणे योग्य होणार नाही. पण धूर की गारठा, या निवडीत एका विद्यार्थिनीचे हिवाळे गेले आणि त्याबद्दल दाद मागण्याची जागाच तेव्हा नव्हती, हेही तितकेच खरे. ६८ अंशांचा नियम दुसऱ्या शहरात आणि पस्तीस वर्षे उशिरा आला.

३०.
इतिहासात लढाया आणि तह यांच्या तारखा आपण पाठ करतो. त्याच इतिहासात एका गार रेडिएटरला हात लावून ‘हे चालणार नाही’ म्हणणाऱ्या बायकाही आहेत. त्यांची नावे बहुतेक हरवली, त्यांनी मिळवलेला आकडा टिकला. तुमच्या ओळखीचे कोणी परदेशी भाड्याच्या घरात हिवाळे काढत असेल, तर त्यांनी गारठ्याशी कसा सामना केला ते विचारा आणि खाली जरूर लिहा. थ्रेड समाप्त.